अधिक श्रावणातला बास

यंदा श्रावण उशिरा आहे! ही बातमी मी आठवडाभर कार्डिफच्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ज्याला त्याला सांगत सुटले आहे, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही. त्यांना काय कळणार म्हणा. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, त्यामुळे श्रावण थेट ऑगस्टच्या मध्यावर ढकलला गेलाय. म्हणजे जून मोकळा, जुलै मोकळा आणि वर अर्धा ऑगस्ट बोनस! बास मासे खाडीत शिरायला लागलेत, संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड आहे, आणि मी नागपूरची, ज्या बाईला लग्नाआधी पापलेट आणि सुरमईतला फरक कळत नव्हता ती, गराजमध्ये उभी राहून एका जुन्या हिरव्या कनूच्या, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीच्या, पोटावरून हात फिरवतेय.

गराज उघडलं की आधी वास येतो. ओलं रबर, वाळलेला चिखल, लाइफ जॅकेटमध्ये मुरलेलं मीठ. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, नाक मुरडून म्हणतो, "काय गं हा वास! तुझ्या त्या होडीला एकदा डेटॉलने धू." मला मात्र तो वास आला की हात आपसूक शेल्फकडे जातो. शेल्फवर लूरचा डबा आहे. लूर म्हणजे खोटा मासा, प्लॅस्टिकचा नाहीतर लाकडाचा, पोटाखाली गळ लावलेला. पाण्यातून असा नाचवत ओढायचा की खऱ्या माशाला तो भक्ष्य वाटावा. डब्याचं झाकण उघडलं की पहिल्या कप्प्यात एक पांढरा लूर दिसतो. त्याच्या एका डोळ्याच्या जागी रंगवलेला डोळा आहे आणि दुसऱ्याच्या जागी टिकली. लाल, मध्यम आकाराची, माझ्या कपाळावरची.

तिथे पहिली टिकली लावली माझ्या सासूबाईंनी, तीन वर्षांपूर्वी, आणि तो उन्हाळा माझ्या डोक्यातून जायला तयार नाही.

कनू मी घेतली होती मिलिंदच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. आमचे शेजारी ग्लासगोला शिफ्ट होत होते, त्यांना ती न्यायची नव्हती. मला वाटलं, मालवणकडचा माणूस, खूश होईल. बाप्पा! गडी तळ्यावर कनूत पाच मिनिटं बसला आणि हिरवाजर्द होऊन बाहेर आला. मासे खाऊन वाढलेल्या माणसाला बोट लागते हे मला अठरा वर्षांच्या संसारात कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कनू गराजमध्ये उलटी पडून होती आणि तिच्यावर आम्ही ख्रिसमसच्या सजावटीची खोकी ठेवत होतो.

त्या एप्रिलमध्ये आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती, कणकवलीच्या घरी त्या एकट्या होत्या, आणि त्यांचे गुडघे बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढा लांबचा प्रवास यानंतर नको. मिलिंदने मला आधीच बजावलं, "आईची ही शेवटची ट्रिप समज. जरा सांभाळून घे." सांभाळून घे, कारण आमचं दोघींचं कधी फार जमलं नव्हतं. भांडण नव्हतं हो, पण गोडीही नव्हती. मुद्दा एकच, मासा. मी वाढलेल्या माशाकडे आई अशा बघायच्या की जणू मी त्यांना उष्टं वाढलंय. सुपरमार्केटचा मासा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, डोकं नाही, काटे नाहीत. एक घास खाऊन ताट बाजूला सारायच्या आणि मिलिंदला म्हणायच्या, "तिका मासो कळणा नाय, तिचो काय दोष." दोष नाही म्हणत म्हणत दोष कसा द्यावा हे माझ्या सासूकडून शिकावं.

एक दिवस त्या खोक्यांमधून काहीतरी शोधायला गराजमध्ये गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मी बघायला गेले तर बाई सगळी खोकी खाली उतरवून कनूच्या तळावर टकटक करत होत्या.

"ही होडी कोणाची गो?"

"आपलीच. पडून आहे."

"होडी पडान ठेवतत?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा थप्पड परवडली असती.

मग कळलं ते असं. आईंचं माहेर मालवणजवळच्या एका खाडीकाठी. त्यांचे वडील छोट्या होडीतून गळाने मासे धरायचे आणि आई, तेव्हाची अकरा-बारा वर्षांची परकरी पोर, पुढे बसून वल्हं मारायची. लग्न होऊन कणकवलीला गेल्या, तिथे समुद्र नाही. माहेरपणाला आल्या की होडीत बसायला जायच्या, पण एकदा ते त्यांच्या सासूच्या कानावर गेलं आणि सासूने सांगितलं, आमच्या घरच्या सुना होडीत बसत नाहीत. झालं! विषय संपला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्या होडीत बसल्या नव्हत्या. हे सगळं त्यांनी कनूवरची धूळ पदराने पुसता पुसता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

मला काय झालं कोण जाणे. मी तिथल्या तिथे म्हटलं, "आई, तुम्ही यात बसायचं. तुम्ही मासा धरायचा, इथला. आणि तो मी शिजवणार आणि तुम्ही पोटभर खाणार. जायच्या आत."

"तू शिजवतलंस?" म्हणाल्या आणि हसल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

गॉवरच्या बाजूला एक खाडी आहे, कार्डिफपासून गाडीने तासाभरापेक्षा थोडी जास्त. खारट गवताची कुरणं, त्यात चरणाऱ्या मेंढ्या, मधून साप जावा तशी वळणं घेत गेलेली चिखलाची नाली, आणि चिखल असा की बूट आत गेला तर पाय तेवढा परत येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आईंनी गाडीची काच खाली केली आणि डोळे मिटले. "हो वास आमचो," म्हणाल्या. मिलिंद म्हणाला, "आई, हा वेल्स आहे." त्या म्हणाल्या, "चिखलाक काय ठाऊक?"

तिथल्या भरती-ओहोटीची भीती वाटावी अशीच आहे. पाणी जातं तर मैलभर आत जातं आणि येतं तर पळत येतं. माझ्या फोनमध्ये त्याचं अॅप होतं. आईंनी ते बघितलंही नाही. त्यांचा हिशोब वडिलांनी शिकवलेला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा वाजता. मी अॅपमध्ये बघितलं, तिथे बारा. मला आतून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आईंनी अॅपची वेळ दुसऱ्या खेपेला विचारली, तिसऱ्या खेपेला विचारली, आणि मग बोटं मोजून म्हणाल्या, "हयसर सहा तास म्होरां." पाऊणपट करायची आणि सहा मिळवायचे. तेव्हापासून त्यांचा हिशोब कधी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकला नाही, आणि चुकला तेव्हा त्या म्हणाल्या की अॅप चुकलंय. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कनू पाण्यात घालायची नाही, अष्टमीच्या आसपास पाणी मऊ असतं तेव्हाच जायचं, हा त्यांचा नियम. लाइफ जॅकेट घालायचं, हा माझा. नऊवारी नेसणाऱ्या बाईला ट्रॅकपँटमध्ये बघून मिलिंदने फोटो काढला तर त्याला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही.

आणि ते वल्हं! आई पुढे बसल्या, मी मागे. गुडघ्यांखाली दोन उशा. पहिले दोन-तीन हात वेडेवाकडे पडले, कनू गोल फिरली, मी किंचाळले. मग काय झालं ते नीट सांगता येत नाही मला. त्यांचे खांदे खाली आले, मान सरळ झाली आणि वल्हं पाण्यात जायचा आवाजच बंद झाला. कनू आपली चाललीय. जिना उतरताना कठड्याला धरून "आई गं" म्हणणारी बाई ती हीच यावर माझा विश्वास बसेना. मला रडू आलं आणि मी ते पाणी उडालं म्हणून पुसलं.

कनूत एक गंमत असते. पुढच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त पाठ दिसते. अठरा वर्षांत आईंच्या तोंडावर जे बोलले नाही ते मी त्या उन्हाळ्यात त्यांच्या पाठीशी बोलले. नागपूरच्या माझ्या आईबद्दल, लॅबमधल्या नाइट ड्यूट्यांबद्दल, मूल राहिलं नाही त्याबद्दल. त्या मध्येच म्हणायच्या, "गप बस. मासो आयकता." आणि थोड्या वेळाने स्वतःच, "मगे? म्होरां काय झाला?"

लूरचं दुकान खाडीच्या अलीकडे, ग्लिन नावाच्या एका म्हाताऱ्या वेल्श माणसाचं. त्या दुकानात गेलं की माझी अवस्था लक्ष्मी रोडवर दिवाळीआधी होते तशी व्हायची. भिंतभर लूर टांगलेले! निळे, चंदेरी, हिरव्या पाठीचे, पोटात खुळखुळा असलेले, पाण्याखाली डुबकी मारणारे, पाण्यावर नाचणारे, मऊ रबराचे, हातात घेतले की लाडे लाडे वळवळणारे. आई एकेक हातात घेऊन वजन बघायच्या, उजेडात धरायच्या, कानाशी हलवायच्या. ग्लिन इंग्लिशमध्ये बोलायचा, आई मालवणीत, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मला भाषांतराला जागाच नसायची.

आम्ही लूरना नावं ठेवली. चंदेरी, भारीतला, ऐटबाज, पण एकही मासा न आणणारा, तो जावईबापू. लांबट पांढऱ्या रबराचा तो पडवळ. एक पिवळा-तांबडा होता, त्याला मी आंब्याचं लोणचं म्हणायचे आणि माझा जीव त्याच्यावर होता. दिसायलाच असा सुरेख की मीच गिळला असता. आईंनी निवडला तो मात्र कोपऱ्यातल्या जुन्या मालाच्या टोपलीतून. मळकट पांढरा, बोटभर लांब, रंग उडालेला आणि एक डोळा गळालेला. ग्लिन मान हलवून म्हणाला, "नो, लव्ह. नॉट दॅट वन." आई म्हणाल्या, "त्येका सांग, मासो रंग बघणा नाय. चाल बघता." मी हे ग्लिनला सांगितल्यावर तो आईंकडे क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "शी इज राइट, यू नो." त्यानंतर आमची चहाशिवाय तिथून सुटका झाली नाही.

एक डोळा नसलेला लूर घेऊन आई गाडीत बसल्या. "काणो कसो नाचतलो?" असं स्वतःशीच म्हणाल्या, मागे वळल्या, माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि त्याला लावली. मला विचारलं वगैरे नाही. वर अंगठ्याने दाबून म्हणाल्या, "आता बरो दिसता." मिलिंदने गाडी चालवता चालवता आरशातून आमच्याकडे बघितलं. त्याच्या आईने माझ्या कपाळाला हात लावलेला त्याने लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. आईंचं परतीचं तिकीट मीच काढलं होतं. गणपतीच्या आधी घर झाडायला त्यांना कणकवलीला पोचायचं होतं, गणपती सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीची फ्लाइट. श्रावणही मी बघून ठेवला होता, कारण आई श्रावणात मासा शिवायच्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आईंनीच पाठवलेलं मराठी कॅलेंडर, त्यात जुलैच्या पानावर श्रावण सुरू. बोटांवर तीस दिवस मोजले, ऑगस्टच्या मध्यावर संपला. म्हणजे त्यानंतर फ्लाइटपर्यंत दोन आठवडे हातात! जूनमध्ये मासा मिळाला नाही तरी चिंता नाही. गणपती सप्टेंबरमध्ये आणि श्रावण ऑगस्टमध्येच आटोपतो, मग मधला महिना गेला कुठे, हा प्रश्न कुठल्याही मराठी बाईला पडायला हवा होता. मला पडला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई नागपंचमी कधी ते बघायला कॅलेंडरची पानं उलटत होत्या. उलटता उलटता थांबल्या.

"अगो, ह्यो अधिक."

"काय अधिक?"

"श्रावण अधिक. दोन म्हयने. मी घरी पोचलंय तरी संपणा नाय."

मी पोळ्या करत होते. तव्यावरची करपली तरी मला कळलं नाही. मिलिंद धावून आला, त्याने वकिली सुरू केली. "आई, अधिकात चालतं! निज श्रावण तोच खरा. कितीतरी लोक खातात." आई म्हणाल्या, "खावंदेत. आमच्याकडे दोन्ही पाळतत." संपला विषय. मी म्हटलं, तिकीट बदलू. तर श्रावणानंतर चार दिवसांत गणपती, ते कसं जमणार? बापरे, काय रडले मी त्या दिवशी! एका माशासाठी. मिलिंदला कळेना की त्याच्या बायकोला झालंय काय.

गटारीच्या आत एकच भांगाची, म्हणजे अष्टमीच्या मऊ पाण्याची, भरती उरली होती, एकच रविवार. त्या दिवशीचा वारा मला अजून आठवतो, थंड, पाठीत टोचणारा, आणि पाण्यावर जावळासारख्या बारीक लाटा. लोणचं टाकलं, पडवळ टाकला, जावईबापूंनाही संधी दिली. दुपारी एकच्या सुमारास आईंच्या रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला, झटका बसला आणि मी एवढ्या जोरात ओरडले की काठावरच्या मेंढ्या पळाल्या. बास! चांदीसारखा लखलखीत, पाठीवरचे काटे ताठ उभे केलेला. आई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हो तर आमच्या खाडयेतल्या चोणकाचो मावसभाव!" काठावर आलो, मोजपट्टीवर ठेवला. सरकारने ठरवलेल्या मापाला बोटभर कमी.

मिलिंद म्हणाला, "अगं, शेपटी जरा ओढून मोज."

मीही आईंकडे बघितलं. खरं सांगते, मी ओढली असती. लॅबमध्ये एका थेंबाचा हिशोब चुकू न देणारी मी त्या दिवशी माशाची शेपटी ओढायला तयार होते.

आईंनी मासा उचलला, पाण्यात धरला आणि सोडून दिला. "लहान आसा," म्हणाल्या. गटारीला आम्ही सुपरमार्केटचा बांगडा खाल्ला. आईंनी त्या दिवशी ताट बाजूला सारलं नाही, सगळं संपवलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मला वाटलं, संपलं सगळं. अधिक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी उठले तर आई ट्रॅकपँट घालून, बूट घालून दारात तयार.

"आई, श्रावण आहे ना?"

"खावचो नाय. धरूचो नाय असा खय लिवलेला आसा?"

घ्या! आणि मग तो जो काय महिना गेला, त्याला तोड नाही. खायचं ओझंच उतरलं होतं. धरायचे आणि सोडायचे. काळोख्या ढगांखाली, कोवळ्या उन्हात, एकदा तर धो धो पावसात, टोपीतून पाणी गळतंय आणि आम्ही दोघी हसतोय. लूर निवडायचे वाद पहाटेच्या चहाला सुरू व्हायचे. आज पाणी गढूळ, आज लोणचं! नाही गो, आज वारो नाय, आज काणो. टिकली दर खेपेला गळून पडायची आणि आई दर खेपेला माझ्या कपाळावरची काढून लावायच्या. मी टिकल्यांची पाकिटं पर्समध्ये ठेवायला लागले. सोमवारी लॅबमध्ये स्लाइड बघताना माझा उजवा हात टेबलाखाली लूर नाचवल्यासारखा हलायचा, आणि शेजारची मॅनेजर विचारायची, "आर यू ओके?" मी ओकेच्या कितीतरी पुढे गेले होते.

निज श्रावणातला तो शनिवार. पुढच्या शनिवारी फ्लाइट. दशमी होती, पाऊणपट साडेसात, सहा मिळवले, म्हणजे दीडची भरती. बाराच्या सुमारास आम्ही नालीच्या तोंडाशी पोचलो. वारा पडला होता, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आईंनी टिकलीवाला बांधला. त्यांनी लांब फेकला, मग मनगटाने बारीक बारीक झटके, आणि तो मळकट लूर पाण्यावर डावीकडे-उजवीकडे मान वेळावत यायला लागला, आजारी मासा तडफडत यावा तसा. मी वल्हं आडवं धरून बघत होते.

मग पाणी फुटलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. लूरच्या जागी बादली उपडी केल्यासारखा खड्डा पडला आणि रॉडवरचं दोरीचं रीळ किर्रर्र करून ओरडायला लागलं. कनूचं तोंड वळलं. मासा आम्हाला ओढत होता! मी ओरडतेय, "आई धरा, आई सोडा, आई ओढा," आणि आई अगदी शांत, "बोंबलू नको. वल्ह्यान माका सरळ ठेव. थकांदे त्येका." त्यांनी रॉडचं टोक वर धरून ठेवलं, खाली येऊ दिलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी जाळी खाली घातली, तो जाळीत मावेना, शेपूट बाहेर. दोघींनी मिळून आत घेतला. मोजपट्टी काढायचीही गरज नव्हती. एवढा बास मी त्याच्या आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. राखाडी पाठ, सोनेरी डोळा, कल्ले उघडझाप करतायत, आणि ओठाच्या कोपऱ्यात आमचा काणा, त्याची टिकली जागच्या जागी.

"आई," मी म्हटलं, "आज खा. मी पाया पडते. इथे कोण बघतंय? देवाला मी सांगते, माझी चूक, कॅलेंडर मी चुकले." आणि ढसाढसा रडायला लागले, कनू हलवत.

आई वळल्या. गुडघे सांभाळत, हळूहळू, पूर्ण वळल्या. अख्ख्या उन्हाळ्यात कनूत पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा बघत होते. घामाने भिजलेला, केस विस्कटलेले, आणि बारा वर्षांच्या पोरीसारखा लालबुंद.

"रडतस कित्याक?" म्हणाल्या. "माझ्या सासयेन माका होडयेत पाय ठेवूक दिल्यान नाय. माझ्या सुनेन होडयेत बसवल्यान. आता खावक गावलो नाय तरी चलात."

त्यांनी लूर सोडवला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. त्याला दम खाऊ दिला. मग तो एक झटका देऊन गेला आणि आमच्या दोघींच्या तोंडावर पाणी उडवून गेला. आई म्हणाल्या, "चल, भूक लागली. तुझा ता साबुदाण्याचा काय हाडलंस ता काढ." आम्ही खाडीच्या मधोमध बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दाण्याचं कूट कमी पडलंय असं त्यांनी तेव्हाही सांगितलं.

पुढच्या शनिवारी त्या गेल्या. त्यानंतर गुडघे जास्तच बिघडले आणि मिलिंद म्हणाला तेच खरं झालं, ती शेवटची ट्रिप. तीन वर्षं मी एकटीच जाते. मासे धरते, मापाचे असले तर घरी आणते, आईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिरफळं घालून कालवण करते. आता आमच्या घरी माशाला डोकं असतं. पण पहिला घास तोंडात घातला की दर वेळी आठवतं, ज्यांच्यासाठी शिकले त्यांनी एकदाही चाखलं नाही.

काल अष्टमी होती. यंदाची पहिली खेप. खाडीवर तोच चिखलाचा वास, मेंढ्यांच्या पोरी आता मेंढ्या झाल्यात, ग्लिनने दुकानाला नवा निळा रंग दिलाय आणि "हाऊ इज द बॉस?" म्हणून आईंची चौकशी केली. मी काण्याला नवी टिकली लावली. बाराच्या ठोक्याला, भरती भरत आली असताना, झटका बसला. चांगला दणदणीत मासा, मापापेक्षा वीतभर मोठा! श्रावण लांब, कायदा बाजूने, घरी तिरफळं तयार. आणि मी, एक अक्षर विचार न करता, त्याला पाण्यात धरलं, दम खाऊ दिला आणि सोडून दिलं. सोडल्यावर हात बघत बसले. मलाच कळेना मी असं का केलं.

संध्याकाळी कणकवलीला व्हिडिओ कॉल लावला. आई पडवीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर तेल, चष्मा नाकावर. मी माप सांगितलं, हात पसरून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले.

"मगे? कालवण केलंस की तळलंस?"

"सोडला."

"सोडलंस?" त्या एवढ्या ओरडल्या की मिलिंद स्वयंपाकघरातून बाहेर आला. "येडी की काय तू! माझो सोडलंय तो श्रावण म्हणान. आता खय आसा श्रावण? तू कित्याक सोडलंस?"

"तुमच्याशिवाय खायचा नव्हता," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे, पण म्हटलं. तेव्हा कुठे मलाही कळलं की मी तो का सोडला.

आईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटताना त्यांचा हात मला दिसला. एक पान, दुसरं पान. ओठ हलत होते, बोटं मोजत होती.

"श्रावणाक अजून दोन म्हयने आसत," त्या म्हणाल्या. "डॉक्टराक मी बघतंय. तू व्हिसाचो फॉर्म भर. आणि ह्या टायमाक तिकीट माका इचारून काढ."